काम होत नाही, पण टक्के भरत नाहीत

ओसरी :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवावा.

माझा मोठा भाऊ, वय ४६. एका छोट्या कारखान्यात १९ वर्षं टर्नर होता, लेथ मशीनवर. तीन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून डाव्या पायात ताकद नाही, पाऊल ओढत चालतो. अर्धा तास उभा राहिला की कमरेतली कळ पायात उतरते. बसलं तरी तेच. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय की उभ्याने करायचं आणि वजन उचलायचं काम बंद. लेथवर दुसरं काय असतं? मालकांनी सहा महिने सांभाळून घेतलं, मग राजीनामा मागितला.

सिव्हिलला अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर गेलो. तीन खेपांनंतर दाखला हातात आला. ३४ टक्के, कायमस्वरूपी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पांढरं. सेतूतल्या मुलाने कार्डाचा रंग बघूनच कागद परत सरकवले, "ताई, चाळीसच्या खाली काही नसतं."

डॉक्टर म्हणतात काम करू नका. दाखला म्हणतो तुम्ही पुरेसे दिव्यांग नाही. मग दादाने नक्की कुठे जायचं? वहिनी शिवणकाम करते, पुतण्या अकरावीला आहे. बोर्डाकडे परत जाता येतं का, की दुसरा काही मार्ग आहे? अनुभव असेल तर लिहा.

पावशेर :
रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. ३४? आमच्या शाळेत एक गुण ग्रेस देऊन पुढच्या वर्गात ढकलायचे.

अंजिरी :
इथे सहा ग्रेस लागतील, पावशेर. आणि हेडमास्तर कोण ते शेवटपर्यंत कळत नाही.

कलमकसाई :
बोर्डाच्या निर्णयावर अपील करता येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ५९. मुदत ९० दिवस. दाखल्यावरची तारीख काय आहे?

ओसरी :
आठ महिने होऊन गेले. आम्हाला अपील असतं हेच माहीत नव्हतं.

हाडवैद्य :
मी अस्थिरोगतज्ज्ञ. अशा बोर्डावर काही वर्षं बसलो आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहितो.

पहिली गोष्ट. बोर्डाला 'हा माणूस काम करू शकतो का' हा प्रश्न विचारलेलाच नसतो. आम्हाला सांधा किती अंश वाकतो, स्नायूंत ताकद किती उरली, तोल जातो का, रोजच्या हालचाली जमतात का, एवढं मोजायचं असतं. त्याची कोष्टकं राजपत्रात छापलेली आहेत, २०१८ ची आणि मग २०२४ ची सुधारित. दुखण्याला त्यात फार थोडी जागा आहे. मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांच्या भागात तर स्पष्टच म्हटलंय की मोजायचा तो आजार नव्हे, आजाराचे परिणाम. त्यामुळे एकाच पायाची एकसारखी कमजोरी असलेले टर्नर आणि संगीतशिक्षक आमच्या कागदावर अगदी सारखे दिसतात. एकाची रोजी गेलेली असते, दुसऱ्याची शाबूत असते.

दुसरी गोष्ट. दाखला कायमस्वरूपी असला तरी परिस्थिती खालावली तर नव्याने तपासणीचा अर्ज करता येतो. पण नुसतं "टक्के कमी दिले हो" म्हणून येऊ नका. नवा एमआरआय, मज्जातंतूंची तपासणी, ओपीडीच्या नोंदी, असं काहीतरी नवीन हातात हवं.

खरं_बोलू_का :
थोडं कडू लिहितो, राग मानू नये. ४६ वय म्हणजे म्हातारपण नाही. लेथ नाही तर काउंटरवरचं काम, फोनवरचं काम आहेच की. सगळे असेच दाखल्यामागे धावले तर ज्याला खरंच दोन्ही पाय नाहीत त्याच्या ताटातलं जातं. आमच्या ओळखीत धडधाकट माणसं दाखला खिशात घालून एसटीत पाऊण तिकीट वाचवतात.

अंजिरी :
@खरं_बोलू_का, बसलं तरी कळ येते असं मूळ लेखात लिहिलंय. काउंटरवर झोपून बसायचं का? आणि दहावी झालेल्या टर्नरला ४६व्या वर्षी फोनवरचं काम कोण देतंय तो पत्ताही द्या. माझा नवरा रांगेत उभा राहील.

दुपारची_झोप :
खोटे दाखले असतात हे खरं. त्याच कायद्याच्या कलम ९१ नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण चोराला पकडायचं म्हणून सगळ्या गल्लीला उपाशी ठेवायचं, हे काही पटत नाही.

सांजसावली :
ही माझी स्वतःची गोष्ट आहे, म्हणून जरा लांबेल.

मला बायपोलर आहे. निदान होऊन ११ वर्षं झाली. मानसिक आजाराचे टक्के काढायला वेगळी पट्टी असते, 'आयडियाज' म्हणतात तिला. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम, अशा चार खान्यांत प्रत्येकी शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे त्याचे आणखी. बेरीज सातवर गेली की ४० टक्के. म्हणजे निदान इथे तरी 'काम' हा खाना आहे, हाडवैद्य.

बोर्डाच्या दिवशी आईने मला पहाटे उठवलं. तेल लावून वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसवली. डॉक्टरांसमोर जायचं तर नीटनेटकं दिसावं, एवढंच तिच्या मनात. मी तेव्हा बऱ्या काळात होते. प्रश्नांना चटाचट उत्तरं दिली. "घरात काय करता?" "सगळं करते." सगळं करते म्हणजे चांगल्या आठवड्यात करते. वाईट महिन्यात मी १८ दिवस आंघोळ केलेली नव्हती, हे मला कुणी विचारलं नाही आणि लाजेने मी सांगितलं नाही. कमी टक्के लागले. तात्पुरता दाखला होता म्हणून दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. त्या वेळी भावाने एक वही लिहिली होती. कोणत्या तारखेला जेवले नाही, कधी भरती केलं, नोकऱ्या किती महिन्यांत सुटल्या. वही बोर्डाने खरोखर पाहिली. ५५ लागले.

म्हणून सांगते ओसरी, बोर्डासमोर दादाला 'चांगला दिवस' घालून नेऊ नका.

खरं_बोलू_का :
म्हणजे नाटक करायचं?

सांजसावली :
नाही. नाटक तर मी पहिल्यांदा केलं होतं, बरी असल्याचं.

हाडवैद्य :
+१. आमच्याकडे माणसं वर्षभराचा त्रास विसरतात आणि त्या दिवशीचा सांगतात. कोणी नेमक्या त्याच सकाळी गोळी घेऊन येतं आणि दुखत नाही म्हणतं. वाढवून सांगू नका, गाळूनही सांगू नका.

पावशेर :
आमच्या आजोबांचं उलट होतं. ऐंशीव्या वर्षी बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेले, तर कारकुनाने विचारलं, "स्वतः आलात का?" आजोबा म्हणाले, "नाही, मी अजून घरीच आहे." सही लगेच मिळाली.

बांधावरून :
एक गोष्ट सुटतीय. चाळीसच्या खाली काहीच नाही हे सेतूवाल्या पोराचं म्हणणं अर्धंच खरं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांशिवाय आजारी माणसं पण बसतात. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग असल्या दुर्धर आजारामुळं ज्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, तो. तिथं टक्के नाहीत, आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र चालतं. आमच्या वस्तीवरच्या कॅन्सरच्या दोन बायांचा असाच निराधारचा पगार चालू झाला. महिना दीड हजार. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये तो अडीच हजार केला.

अट आहे उत्पन्नाची. दिव्यांग असेल तर कुटुंबाचं वर्षाचं ५०,००० पर्यंत, बाकीच्यांना २१,००० पर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. १५ वर्षांचा रहिवास पाहिजे, वय ६५ च्या आत. त्यानंतर श्रावणबाळ योजना. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा.

अंजिरी :
२१,००० वर्षाचे? महिन्याचे १,७५०. एवढ्यात जगणारं कुटुंब सापडलं तर आधी त्याची मुलाखत घ्यायला हवी, मग अनुदान.

बांधावरून :
म्हणून तर तलाठ्याच्या दाखल्यावर सगळा तालुका गरीब असतो. हसू नका. खरा गरीब तिथंही मागंच राहतो, त्याला दाखल्यावरचा आकडा बसवता येत नाही.

ओसरी :
दादाचा आजार त्या यादीत नाही. आणि वहिनी महिन्याला पाच-साडेपाच हजारांचं शिवते. म्हणजे वर्षाचे साठ हजारांच्या वर. उद्या ४० टक्के झाले तरी उत्पन्नात अडकणार. हे आज तुमच्यामुळे कळलं. आठ महिने मी नुसत्या टक्क्यांच्या मागे होते.

निरगुडी :
केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन पण असते ना?

बांधावरून :
असते. ८० टक्क्यांच्या वर आणि दारिद्र्यरेषेखाली. रक्कम महिना ३००. २०१२ पासून तेवढीच.

पावशेर :
३०० मध्ये तालुक्याला जाऊन ती का वाढत नाही हे विचारून येता येईल. तेही सवलतीच्या तिकिटात.

फाईलबाबू :
मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० उपकलम ४ वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. झेपेल त्या दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यायचं. असं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा पद तयार करून निवृत्तीपर्यंत त्यावर ठेवायचं. आमच्याकडच्या एका वाहनचालकाची नजर गेली. आज तो आवक-जावक विभागात आहे, पगार तोच. ओसरीताई, तुमच्या भावाचा राजीनामा बेकायदेशीर ठरू शकतो!

कलमकसाई :
फाईलबाबू, घाई नको. हे उपकलम सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कारखान्याला नाही. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यातही कलम ४७ हेच होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात ते ठामपणे लागू केलं, पण तो माणूसही सरकारी नोकरीतलाच. ओसरींना उगाच आशा लावू नका.

फाईलबाबू :
मान्य. चूक माझी.

कलमकसाई :
मात्र 'टक्के' आणि 'कमाईची क्षमता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयांनी फार पूर्वीच मानलंय. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखालचा प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा खटला पाहा. सुतार होता. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची क्षमता १०० टक्के गेली. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात हाच विचार सविस्तर मांडला आहे. आधी माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही ते बघा, मग पूर्वी काय काम करत होता ते बघा, आणि मग नुकसान ठरवा.

पण हे सगळं भरपाईचं. कामावर किंवा रस्त्यावर अपघात झालेला असला पाहिजे. ओसरी, मणक्याचं कसं झालं? काही उचलताना?

ओसरी :
एक दिवस असं नाही. वर्षानुवर्षं लेथवर जॉब, म्हणजे घडवायचे जड तुकडे, चढवून-उतरवून. कागदावर अपघात असा कुठेच नाही.

दुपारची_झोप :
एक आगाऊ प्रश्न. राजीनाम्यात कारण काय लिहिलंय?

ओसरी :
'वैयक्तिक कारणास्तव'. मजकूर त्यांनीच टाइप करून आणला होता.

दुपारची_झोप :
अरेरे. इतर वाचणाऱ्यांनी तरी नोंद घ्या. प्रकृतीमुळे सोडत असाल तर राजीनाम्यात प्रकृतीच लिहा.

कापूसकोंड्या :
अवांतर : आयकर भरणाऱ्या दिव्यांगांना एक वजावट मिळते (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०यू). ४० टक्क्यांवर ७५,००० वजावट, ८० च्या वर सव्वा लाख. फक्त जुन्या करप्रणालीत.

अंजिरी :
ज्याचं उत्पन्नच बंद झालंय त्याला आयकरात सवलत. वा. टकल्याला कंगवा मोफत.

टूलरूम :
उशिरा आलो, मधले प्रतिसाद भरभर वाचले. मी पण टर्नरच, आता निवृत्त. मला वेगळंच विचारायचंय. दादांच्या शॉपमध्ये शेजारी पॉवर प्रेस होते का? त्या आवाजात राहून त्यांना ऐकू कसं येतं?

ओसरी :
हो, प्रेस शॉप भिंतीला लागूनच होतं. तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं. टीव्ही इतका मोठा लावतो की पुतण्या ओरडतो. दारावरची बेल ऐकू येत नाही. पण आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं त्याचं.

टूलरूम :
लक्ष नसतं, असं माझ्या घरीही दहा वर्षं म्हणत होते. ऑडिओग्राम, म्हणजे कानाची तपासणी करा. माझे दोन्ही कान गेलेत, वरच्या पट्टीतले आवाज तर नाहीतच. चिमणी दिसते, ऐकू येत नाही.

हाडवैद्य :
अगदी महत्त्वाचा मुद्दा. ओसरी, कानाचं अपंगत्व बोर्डाने मोजलेलंच नाही, कारण तुम्ही फक्त पायासाठी अर्ज केला होता. दोन प्रकारची अपंगत्वं असली तर ती एकत्र करतात. पण ३४ आणि १५ म्हणजे ४९ अशी बेरीज करू नका. सूत्र असं आहे : मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. समजा कानाचे १५ निघाले. तर १५ गुणिले ५६ भागिले ९० म्हणजे साधारण ९. एकूण ४३. कानाचे १० च निघाले तर ६ मिळतात, काठावरचे ४०. हे उदाहरण आहे, अंदाज नव्हे. कान मोजल्याशिवाय कोणी आकडा सांगू नये.

पावशेर :
सहा ग्रेस सापडले की काय!

खरं_बोलू_का :
हे मात्र पटलं. जे खरंच आहे ते मोजून घ्यायला काय हरकत आहे? मी आधी कडक लिहिलं होतं.

जमाखर्च :
मी २० वर्षं कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) काम केलंय. इतके प्रतिसाद झाले तरी कुणी हे विचारलं नाही याचं नवल वाटतं. दादांच्या पगारातून पीएफ कापला जात होता ना? आणि ईएसआय?

ओसरी :
हो, दोन्ही. पगार अठरा हजारांच्या आसपास होता. ईएसआयचे ऑपरेशननंतर तीन महिन्यांचे पैसे मिळाले होते. पीएफची रक्कम राजीनाम्यानंतर काढली, पेन्शनचं तसंच आहे. म्हणाले ५८ ला मिळेल.

जमाखर्च :
तीन महिने म्हणजे ९१ दिवसांचा आजारपणाचा लाभ, वेतनाच्या ७० टक्के. ३४ दीर्घ आजारांची एक यादी असते, त्यात बसलं तर ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत पुढे मिळतं. अडीच वर्षं उलटलीत, पण डिस्चार्जचे कागद घेऊन शाखेत लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

आता खरा मुद्दा. "५८ ला मिळेल" हे साध्या निवृत्तीसाठी. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये अपंगत्वाचं पेन्शन वेगळं आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर वयाची अट नाही, दहा वर्षांच्या नोकरीचीही नाही, एका महिन्याची वर्गणी पुरते. आणि व्याख्या नीट वाचा. अपंगत्व आलं त्या वेळी तो कर्मचारी जी कामं करू शकत होता ती सगळी करायला असमर्थ ठरणं. ते कामावर झालं की घरी, याने फरक पडत नाही. ४० टक्के हा शब्दच तिथे नाही.

कलमकसाई :
हाच तो सुतार. बरं झालं कुणीतरी लिहिलं.

जमाखर्च :
हो, पण सोपं आहे असं म्हणत नाही. पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म टेन-डी भरायचा, आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालय ठरवेल त्या वैद्यकीय मंडळासमोर जायचं. तिथे '३४ टक्के' घेऊन मिरवू नका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं 'उभ्याने काम बंद' हे पत्र पुढे करा, आणि दादा नेमकं काय करायचे ते लिहून न्या. किती तास उभे, किती किलोचा जॉब, पायाने काय चालवायचं. 'बैठं काम जमेल का' हा प्रश्न तिथे येणारच. त्याला बसण्याच्या त्रासाच्या नोंदी लागतील. अपंगत्व नोकरीत असतानाच आलं हे सिद्ध करायला ऑपरेशनची तारीख आणि रजेच्या नोंदी लागतील. 'वैयक्तिक कारणास्तव' नडू शकतं, पण तारखा तुमच्या बाजूने आहेत.

रक्कम मोठी नसते. पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०, आणि २०१४ च्या सप्टेंबरआधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५०० चीच. किमान १,०००. ५० नंतर लवकर पेन्शन घेतलं तर ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी चार टक्के कापतात. इथे तसं कापत नाहीत.

टूलरूम :
जॉबचं वजन आणि पेडलचं लिहायला मदत करतो. दादांचं मशीन कोणतं होतं ते खासगी निरोपात कळवा. कार्यालयातल्या माणसाला लेथ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आलं पाहिजे.

ओसरी :
दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तीनदा "काय?" म्हणाला, चौथ्यांदा मीच हसले आणि म्हटलं उद्या आधी कान. ऑपरेशनची फाइल माळ्यावरून काढली आहे. रजेचे अर्ज सापडले, सगळ्यांवर सुपरवायझरची सही आहे.

टेन-डीवर मालकांची सही लागते का? ते आता फोन उचलत नाहीत.

जमाखर्च :
सहसा अर्ज त्यांच्यामार्फत जातो. टाळत असतील तर आधी स्पीड पोस्टाने लेखी मागा आणि पावती जपून ठेवा. पुढचं ती पावती घेऊन कार्यालयात बोलू. आणि माळ्यावरच्या फाइलच्या आजच झेरॉक्स काढा, मूळ कागद काउंटरवर सोडून येऊ नका.